मांजराला दिलेलं आवतण

गेल्या श्रावणात मी आमच्या मांजराला जाळीत कोंडून ठेवलं होतं. डॉक्टरने सांगितलं म्हणून ठेवलं होतं, आणि ते बराबरच होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात त्याची गोष्ट वेगळीच झाली.

"गावभर पत्रकं वाटती, पोरींना घरात कोंडू नका म्हणती, अन् सोताच्या घरी मुक्या जनावराला जाळीत घातलंय," असं आमच्या शेजारची चुलती पाण्याच्या टाकीपाशी बोलली. चुलतीचं एक बरं आहे, ती मागून बोलत नाही. मी हंडा घेऊन तिच्या शेजारीच उभी होते.

"काकू, तिची कंबर मोडलीय," मी म्हणाले.

"मंग मोकळं सोड की. जनावर आपलं आपण बघतं. कोंडून मेलं तर पाप लागंल. मांजराचं पाप लई वंगाळ, सोन्याचं मांजर करून काशीला न्यावं लागतं."

"तुमच्या पाटल्या द्या मंग. एका मांजराला पुरतील."

बाया हसल्या. चुलती पण हसली, आणि हसता हसता माझ्या हंड्याच्या आधी आपला हंडा नळाखाली लावून मोकळी झाली.

आमचं गाव राजूरहून भोकरदनला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांना आमचं गाव दिसत नाही, फक्त मोकळा रस्ता दिसतो. श्रावणातल्या पहिल्या चतुर्थीला अशाच एका गाडीने आमच्या मांजराला उडवलं. गाडी थांबली नाही. मागच्या काचेवर देवाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, तेवढं मी वाचलं. एवढी जल्दी देवाकडे असते की घराकडे, मला माहीत नाही. रस्ता कोणाच्या बापाचा नाही, आणि ज्याला रस्ता ओलांडायचा आहे त्याला पाय चार असोत की दोन, गाडीवाल्याने ब्रेक मारला पाहिजे. मी हे पत्रकातही लिहिलं आहे. वाचून लोक म्हणतात, छान लिहिती हं.

ती पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत गोठ्यात आली आणि गव्हाणीत जाऊन पडली. अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, ती तिथे सापडली.

या मांजराला नाव नव्हतं. आमच्यात कुत्र्याला नाव ठेवतात, बैलाला ठेवतात, मांजराला कोणी ठेवत नाही. ती बैलांच्या काळात आली होती, कडब्यातल्या उंदरांसाठी. थंडीत बैल बसले की त्यांच्या पोटाला लागून झोपायची. त्याआधीच्या उन्हाळ्यात अप्पांनी बैलजोडी विकली. गुडघ्याने त्यांना उठबस होत नव्हती, मी दिवसभर बाहेर, आणि नांगरायला आता ट्रॅक्टर येतो. बैल गेले, दावणीचे दोर खुंटीला गेले, गोठ्यात मांजर तेवढं राहिलं. अप्पा सकाळी उठून सवयीने गोठ्यात जायचे. काम काहीच नसायचं. मग गव्हाणीवर बसून मांजराशी बोलायचे. काय बोलायचे ते मी कधी ऐकलं नाही. पण घरात ज्या माणसाच्या तोंडून दिवसभरात चार शब्द निघत नाहीत, तो गोठ्यात मात्र बोलायचा.

त्या दिवशी गोठ्यातून मला हाक आली ती एवढीच होती, "अगं, हिला बघ गं काय झालं. जल्दी ये."

गावात जनावरांचा दवाखाना आहे. म्हणजे इमारत आहे, बोर्ड आहे, कुलूप आहे. डॉक्टर आठवड्यातून कधीतरी येतात, तेही गाई-म्हशीपुरते. तिथल्या शिपायाला मी फोन केला. तो म्हणाला, "मांजर? ताई, मांजराचं काय करायचं असतं?" मी म्हटलं, उपचार. तो हसला. वाईट माणूस नाही तो, त्याला खरंच विनोद वाटला.

टोमॅटोच्या कॅरेटमध्ये गोधडी टाकून, वरून दुसरं कॅरेट उलटं बांधून मी तिला जालन्याला नेलं. जीपमध्ये एक बाई म्हणाली, "कोंबड्या का?" मी म्हटलं मांजर. तिने पदर नाकाला लावला आणि सरकून बसली. आत ती एकदाही ओरडली नाही. मला ते चांगलं लक्षण वाटलं. ते चांगलं लक्षण नव्हतं.

मस्तगडाकडच्या एका गल्लीत जनावरांचे एक खाजगी डॉक्टर बसतात. बोलायला तुटक, पण हात हलका. त्यांनी तिला टेबलावर घेतलं, मागच्या पंजाच्या बोटाला चिमटा काढला. तिने पाय ओढून घेतला. "हे बघा," ते म्हणाले, "पाय ओढला. म्हणजे पाठीचा कणा शाबूत आहे." मग एक्स-रे. कमरेचं हाड एका बाजूने तडकलं होतं. काळ्या फिल्मवर ती भेग केसाएवढी दिसत होती. टोकं जागेवर आहेत, ऑपरेशन लागणार नाही, डॉक्टर म्हणाले. दीड महिना लहान जागेत ठेवायची. उभी राहील, वळेल, झोपेल, एवढीच जागा. चढायला काही नको, उडी मारायला काही नको. लघवी होते का रोज बघायचं. आपल्या घरातली तापाची, दुखण्याची कुठलीही गोळी द्यायची नाही, मांजर त्याने मरतं.

निघताना ते म्हणाले, "आत्ता काही प्रश्न नाही, आत्ता ती हलणार नाही. तिला बरं वाटायला लागलं की खरा धोका. तेव्हा घरातली माणसं दार उघडतात."

मी मान डोलावली. मला वाटलं, आमच्या घरात कोण उघडणार?

पिंजऱ्याचा प्रश्न अप्पांनी सोडवला. आमच्याकडे जुना लोखंडी कूलर पडला होता, मोटर जळालेला. अप्पांनी त्यातली मोटर काढली, पंखा काढला, तिन्ही बाजूंच्या गवताच्या पट्ट्या काढल्या. राहिली नुसती चौकट. तिला आतून जाळी लावायची ठरली आणि त्याच दिवशी नागपंचमी निघाली.

"आज कापायचं न्हाई," माय म्हणाली. ती विळीसुद्धा उभी करत नाही त्या दिवशी, उकडलेलंच जेवायचं. "ती पक्कड ठेव खाली."

"माय, जाळी कापायची आहे, नाग न्हाई," मी म्हणाले.

"तुला कशाचंच काही न्हाई. उद्या काप."

"उद्यापर्यंत तिला काय मांडीवर धरून बसू?"

माझं आणि मायचं जुंपलं. मी म्हणाले, एक रूढी सांग जी बाईच्या आणि जनावराच्या सोयीची आहे. ती म्हणाली, नागपंचमीला पोरींना झोका बांधतात ते काय मग? मी नुसता आवाज वाढवला. तोवर अप्पांनी जाळी न कापता दुमडली. जास्तीची जाळी आत वळवून घेतली, काठाला वाकवून दगडाने ठोकून बसवली, कोपऱ्यात तारेने आवळली. तार पण तोडली नाही, उरलेली गुंडाळून ठेवली. सणही राहिला आणि पिंजराही झाला. माझा बाप असा आहे. पाळायचं ते पाळणार, आणि त्यातूनच वाट काढणार. मला त्या दिवशी त्यांचं फार कौतुक वाटलं होतं.

कूलर आम्ही गोठ्यातच ठेवला. तिथला वास तिच्या ओळखीचा होता. खाली पोतं, पोत्यावर मायची जुनी वाकळ, एका कोपऱ्यात पसरट घमेल्यात चाळलेली वाळू, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी. अर्ध्या पिंजऱ्यावर चादर. दाराला तारेचा आकडा.

पहिले काही दिवस ती नुसती पडून होती. मी सकाळी वाळू बघायची, ओली झाली की नाही. ओली दिसली की अप्पांना सांगायची, "झाली." ते म्हणायचे, "झाली का? बरं." एवढंच आमचं बोलणं. पण ते रोजचं झालं. आम्हा बापलेकीत रोज एक बोलणं होत नाही, त्या दिवसांत झालं. मायला वास सहन व्हायचा नाही, तरी तीच दुपारी उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग कुस्करून जाळीतून आत सरकवायची. वर मला ऐकवायची, "आम्ही अंडी विकत आणून राह्यलो मांजराला. तू आजारी पडली तवा डाळिंबं तरी आणली होती का कोणी?" मला डाळिंबं आणली होती. मला आठवतं.

मग मांजर ओरडायला लागली. बरी व्हायला लागली तसं ओरडणं वाढलं. लांब, घोगरं, माणसाने हाक मारल्यासारखं. पंजा जाळीतून बाहेर काढायची आणि हवेत हलवत ठेवायची. दुखणं कमी झालं की कोणत्याही कोंडलेल्या जिवाला दार आठवतं. मी पत्रकात नेमकं हेच वाक्य वेगळ्या विषयावर लिहिलेलं होतं, आणि आता त्याच वाक्यासमोर उकिडवी बसून तिला सांगत होते, थांब, अजून नाही, तुझ्या भल्यासाठी. माझ्या मैत्रिणींच्या बापांनी हेच शब्द वापरले होते. मला ते आवडलं नाही. पण फिल्म मी डोळ्याने पाहिली होती.

अप्पांना ते ओरडणं ऐकवायचं नाही. ते उठून ओसरीवर जायचे, परत यायचे.

"उभी राह्यली की गं ती," एके दिवशी म्हणाले.

"उभी राहिली म्हणून हाड जुळलं असं नसतं, अप्पा."

"मेंढराचं तर तसंच असतंय."

अप्पांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. अप्पांनीही लहानपणी कळपामागे पाय तुडवले. मेंढराचा पाय मोडला की कामट्या लावून बांधायचे आणि सोडून द्यायचे. ते मेंढरू जोवर हाड जुळत नाही तोवर त्या पायावर भार देत नाही, तीन पायांवर चालतं. ज्या दिवशी चौथा टेकवला त्या दिवशी बरं झालं. यात त्यांची चूक कधी झाली नव्हती.

"मांजर मेंढरू न्हाई," मी म्हटलं. "मांजर दुखणं लपवतं. डॉक्टर म्हणाले दीड महिना, म्हणजे दीड महिना."

"बरं," अप्पा म्हणाले.

मला वाटलं, विषय संपला. आमच्या संघटनेच्या बैठकांमध्येही असंच असतं. समोरचा बरं म्हणाला की आम्ही पुढच्या मुद्द्यावर जातो.

पोळा आला. रिकाम्या गोठ्याचा पहिला पोळा. आदल्या दिवशी संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून सोललेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात, आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. आवतण म्हणतात त्याला. ज्याच्या घरी बैल नाहीत तो मातीचे बैल आणून पाटावर मांडतो. मायने मातीची जोडी आणली होती, देवळीत ठेवली होती. अप्पांनी त्यांच्या खांद्याला बोटभर हळद लावली आणि वाटी तशीच हातात घेऊन गोठ्यात गेले.

मी दारात उभी होते. अप्पांनी जाळीतून दोन बोटं आत घातली. मांजराने आधी वास घेतला, मग लोणी चाटलं, मग डोकं बोटांवर घासलं. अप्पांनी तिच्या मानेमागे हळद लावली. आणि बैलांच्या कानात म्हणायचे तसं, अगदी त्याच आवाजात म्हणाले,

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मी हसले. मायला बोलावून दाखवलं. माय म्हणाली, "म्हाताऱ्याला येड लागलं," आणि पदराने डोळे पुसले. बैल गेल्यापासून त्यांनी हे वाक्य कोणाला म्हणायचं हा प्रश्न होताच. मला बरं वाटलं, की म्हणायला कोणीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच वेशीत गेले. पोळ्याला सगळं गाव जनावरं सजवून मारुतीपुढे येतं, त्यामुळे जनावरांच्या दवाखान्याचं पत्रक वाटायला तोच दिवस योग्य. डॉक्टर नेमा, औषधं द्या, लहान जनावरांनाही तपासा, अशा मागण्या होत्या. लोक घेत होते. काहींनी घडी करून टोपीत ठेवलं, एकाने आपल्या बैलाच्या कपाळावरच्या बेगडात खोचलं, शोभेला. हलगी वाजत होती, पोरांनी फटाके लावले, आणि एका ट्रॉलीवर डीजे होता. त्याचा धक्का छातीत बसत होता. मिरवणूक आमच्या गल्लीकडे वळली तेव्हा मी अजून वेशीतच होते.

चुलती पळत आली. या वयात तिला पळताना मी पहिल्यांदा पाहिलं. "चल जल्दी. तुझं मांजर पडलं. माझ्याकडं काय बघती, चल."

गोठ्यात अप्पा खाली बसले होते. कूलरचं दार उघडं होतं. जमिनीवर पाट होता, पाटासमोर पत्रावळ, पत्रावळीवर पुरणपोळी, दूध, वरणभात. जसं बैलांना वाढायचे तसं. मांजर गव्हाणीच्या दगडाशी आडवी पडली होती आणि पुढच्या पायांनी माती ओरबाडत होती. कमरेखाली काही हलत नव्हतं. मानेमागे हळद तशीच होती.

मायने सांगितलं ते असं. अप्पांनी पान वाढलं, पाणी फिरवलं, आणि दार उघडलं. माय म्हणाली, अहो पोरगी ओरडंल. अप्पा म्हणाले, आवतण दिलंय. जेवायला बोलवायचं अन् कोंडून वाढायचं? असं कोणाच्या घरी करतात का? जेवली की घालतो आत. आणि ती खरंच हळूहळू चालत पाटापर्यंत आली, चारही पायांवर. दूध प्याली. पुरण खाल्लं थोडं. अप्पा मायला म्हणाले, "बघ, चौथा पाय टेकला." तेवढ्यात गल्लीत डीजे आला. तिने उडी मारली ती थेट वर, पत्र्याखालच्या आडव्या लाकडाकडे, जिथे ती बैलांच्या काळात बसायची. पुढचे पंजे लाकडाला लागले. मागचे उचललेच नाहीत. ती पाठीवर गव्हाणीच्या दगडाच्या धारेवर पडली.

"अप्पा, मी काय सांगितलं होतं?" मी म्हणाले. "सांगितलं होतं की न्हाई? तुम्ही बरं म्हणला होता."

अप्पांनी तिच्याजवळची पत्रावळ बाजूला सारली.

"एक दिवस. एक दिवस जाळीतून वाढलं असतं तर कोणता देव कोपला असता?"

"बास कर," चुलती म्हणाली. माय नाही, चुलती. "बास कर गं. त्यानं काय मारायला सोडली का तिला?"

मी म्हटलं, नाही, पण ती मरणारच. मला गोड बोलता येत नाही, आणि त्या वेळी तर मुळीच आलं नसतं. रूढी माणसाला वाईट करत नाही, हे मला त्या दिवशी दिसलं. तसं असतं तर सोपं होतं, वाईट माणसाविरुद्ध पत्रक काढता येतं. आमच्या घरात एका माणसाने एका मांजराला पाहुण्यासारखं जेवायला बसवलं होतं. त्याविरुद्ध काय लिहिणार?

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सणाचा दिवस आहे, पण मी उघडतो, घेऊन या. या वेळी अप्पा बरोबर आले. कॅरेट त्यांनी मांडीवर घेतलं. जीपवाल्याने मागे ठेवा म्हटलं तर त्यांनी नुसतं बघितलं. रस्त्यात त्यांनी वरच्या कॅरेटच्या फटीतून बोट आत ठेवलं होतं, जालना येईपर्यंत काढलं नाही.

डॉक्टरांनी पुन्हा तोच चिमटा बोटाला लावला. तिने पाय ओढला नाही. त्यांनी जोरात दाबला. ती समोर बघत राहिली. दुसऱ्या पायाला, मग शेपटीला. अप्पा प्रत्येक वेळी पुढे वाकायचे, जणू आता ओढेल. मग डॉक्टरांनी नवी फिल्म उजेडाला धरली आणि अप्पांना जवळ बोलावलं. "हा कणा. इथपर्यंत सरळ आहे ना? आणि हा इथे." पुढे बोलायची गरज नव्हती. जुनी फिल्मही त्यांनी शेजारी लावली. अप्पा ती पहिल्यांदाच बघत होते. मी घरी आणली होती, पण माझ्या पिशवीतच राहिली होती, पत्रकांमध्ये.

"ही भेग?" अप्पांनी विचारलं.

"हो. ही जुळत आली होती. ही बघा, कड धूसर झाली आहे."

अप्पा त्या धूसर कडेकडे खूप वेळ बघत होते.

डॉक्टर म्हणाले, लघवी आपोआप होणार नाही, मागचं शरीर गेलेलं आहे, संभाजीनगरला नेऊन ऑपरेशन केलं तरी मला आशा वाटत नाही. तिला वेदना आहेत. इंजेक्शन देता येईल. ते मला सांगत होते, कारण मागच्या वेळी मी आले होते. मी अप्पांकडे बघितलं. मला दुसऱ्याच्या वतीने बोलायची सवय आहे, तेच माझं काम. पण हे मला बोलता येईना.

"द्या," अप्पा म्हणाले.

मदतनीस तिला धरायला पुढे आला. अप्पा म्हणाले, "मी धरतो." मेंढरं टोचायला धरून धरून त्या हातांना माहीत होतं, कुठे दाबायचं आणि कुठे नाही. त्यांनी तिला छातीशी घेतलं, एक हात पोटाखाली, तिचं तोंड काखेत. ती शांत झाली. सुई लागली तेव्हाही हलली नाही. डॉक्टर म्हणाले, "झालं." अप्पांनी हात सोडला नाही. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "बाबा, झालं आता." तेव्हा त्यांनी तिला गोधडीवर ठेवलं, आणि तिच्या मिशीला लागलेलं पुरण अंगठ्याने पुसलं.

घरी आलो तेव्हा ऊन उतरत होतं. गावात पोळा संपला होता, बैल दारोदार ओवाळून घेऊन परतले होते. माय दारात होती, तिने आमच्याकडे बघितलं आणि आत गेली. चुलतीने न विचारता स्वतःच्या घरून मोठं मीठ आणून दिलं, पुरताना टाकायला, कुत्री उकरत नाहीत म्हणून. ही तिची माया.

शेतात, विहिरीच्या वरच्या अंगाला अप्पा खड्डा खणायला लागले. गुडघ्याने नीट बसता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच कुदळ मारत होते. मी म्हटलं, द्या इकडे. त्यांनी दिली नाही. काळी माती ओली होती, कुदळीला चिकटत होती. दर चार घावांनी ते थांबून पायाने माती काढायचे.

असेच एकदा थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दीड महिना म्हणजे कधीपर्यंत होता?"

मी मनात मोजलं. "पितरपाठ लागेपर्यंत."

"पितरपाठ." ते म्हणाले. "म्हणजे गणपती बसून उठल्यावर."

"हो."

अप्पांनी कुदळीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "तवर ठेवली असती, तर चालली असती?"

मला सांगता आलं असतं की कोण जाणे. डॉक्टरही म्हणाले असते, खात्री कशाचीच देता येत नाही. मायने असंच सांगितलं असतं. चुलतीने तर मांजराचं आयुष्यच तेवढं होतं म्हणून त्यांना मोकळं केलं असतं. पण त्यांनी ती कड पाहिली होती, मीही पाहिली होती.

"हो अप्पा," मी म्हणाले. "चालली असती."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, रडले नाहीत. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले, आणि पुन्हा खणायला लागले. खड्डा मांजरापुरता केव्हाच झाला होता. मग मांजराला मोठा झाला, मग वासराला पुरेल एवढा झाला. अप्पा खणत होते. अंधार पडायला लागला तरी मी त्यांना थांबा म्हटलं नाही. गोधडीतलं ते हलकं ओझं मी मांडीवर घेऊन बांधावर बसून राहिले.